लावणीच्या शिबिरात चूल कुणाची?

कातळसडा | 27 जुलै, रात्री 9:50

मंडळी, गेली तीन वर्षं आम्ही तिघं मित्र कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत भाताच्या लावणीला जातो. दहा दिवस तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, सकाळी चिखलात उतरायचं ते दिवेलागणीला वर यायचं. यंदा 22 मुलं होती, 12 मुलगे आणि 10 मुली. आम्ही तिघं धरून 25 पानं.

ज्यांच्या शेतावर जातो ते अण्णा सत्तरीला आले, काकी पासष्टीच्या. दोन्ही मुलगे मुंबईला. ते गणपतीला येतात, लावणीला रजा मिळत नाही. वाडीत 14 घरं, त्यातली सहा कुलूपबंद. तिथं हातांची खरोखर गरज आहे म्हणून जातो, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो आणि ते खोटंही नाही. गेल्या वर्षी अण्णांचा सगळा मळा आम्ही सहा दिवसांत लावून दिला होता.

यंदा तिसऱ्या दिवशी पहाटे चारला मला जाग आली. पाऊस पत्र्यावर धो धो कोसळत होता. स्वयंपाकघरात उजेड दिसला म्हणून गेलो. काकी एकट्याच चुलीपुढे. फाटी (सरपण) ओली, त्यामुळे घरभर धूर, फुंकून फुंकून डोळे लालभडक. परातीत तांदळाच्या पिठाची उकड मळून ठेवलेली, शेजारी ओल्या फडक्यात भाकऱ्यांची चळत. मी मोजल्या. 31 झाल्या होत्या, अजून तेवढ्याच व्हायच्या होत्या. म्हटलं, काकी कधीपासून बसलायत? म्हणाल्या, "कोंबडा आरवायच्या आदी. पोरां जेवतायत, मला बरा वाटताय."

हे "बरा वाटताय" मी तीन वर्षं ऐकतोय आणि त्याच्या जिवावर निर्धास्त होतो.

त्याच दिवशी दुपारी बांधावर शेजारच्या घरातल्या वहिनी भेटल्या. चिडून बोलल्या नाहीत, पण जे बोलल्या त्यानं माझ्या पोटात खड्डा पडला. काकींनी सावडीनं, म्हणजे कामाच्या बदल्यात काम या रीतीनं, दोन दिवस त्यांच्याकडे लावणीला जायचं होतं. वहिनी आधीच काकींच्या पेरणीला येऊन गेलेल्या. आता काकींना आमच्या रांधण्यातून सवड नाही, त्यामुळे वहिनींचे दोन कोपरे (शेताचे तुकडे) तसेच पडलेले आणि तरवा, म्हणजे लावायची रोपं, 25 दिवसांच्या वर चाललेला. तरवा जून झाला की फुटवे कमी येतात, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे आम्ही अण्णांचं शेत लावत होतो आणि तेच करताना काकींची सावड मोडत होतो. सावड मोडली की पुढच्या वर्षी त्या घरी हाक मारायला तोंड राहत नाही. मुलगे मुंबईत, घरात दोन म्हातारी माणसं. त्यांना वर्षभर आधार असतो तो या शेजाराचा, आमच्या दहा दिवसांचा नव्हे.

रात्री ओटीवर सगळ्यांना बसवलं आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. वादावादी झाली. एक मुलगा म्हणाला, आम्ही शेतात राबायला आलोय, स्वयंपाक करायला नाही. त्यावर एक मुलगी म्हणाली, मग मी कशाला आलेय असं तुला वाटतं? शेवटी ठरलं ते असं. रोज पाच जणांची चुलीची पाळी, त्यात तीन मुलगे, दोन मुली. त्या दिवशी ते पाच शेतात उतरणार नाहीत. पाणी, फाटी, रांधणं, वाढणं, भांडी, शेण काढणं हे सगळं त्यांचं. काकींना विचारलं, तर त्या सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या की दोन दिवस चूल तुम्ही बघा, मी माझ्या सावडीला जाते. सकाळी इरलं घेऊन गेल्यासुद्धा.

25 माणसांचा भात ही काय चीज आहे हे तेव्हा कळलं. चिखलात राबलेल्या माणसाला एका वेळेला 200 ग्रॅम तांदूळ लागतोच, म्हणजे एका वेळचे पाच किलो. घरातला कुकरचा अंदाज इथं कामाचा नाही. मोठ्या टोपात आधण आलं पाहिजे, मग रोवळीत धुऊन निथळलेले तांदूळ वैरायचे, शीत दोन बोटांत दाबून बघायचं, आत कणी राहिलेली असतानाच वेळणी (झाकणाचं ताट) धरून पेज गाळायची आणि टोप निखाऱ्यावर ठेवून वेळणीतही चार निखारे टाकायचे. टोप कलता करायला दोघं, दोन्ही बाजूंनी फडकी धरून, आणि वेळणी दाबून धरायला तिसरा. हे तिघं एका दमात हलले नाहीत तर पाच किलो भात जमिनीवर आणि उकळती पेज पायावर. पहिल्या दिवशी वेळणी धरणाऱ्या मुलाच्या मनगटाला वाफ लागली, पण त्यानं हात सोडला नाही. ओटीवर "मी राबायला आलोय" म्हणणारा तो हाच. पुढचे पाच दिवस पेज गाळायची वेळ झाली की तो शेतातून हात धुऊन वर यायचा, पाळी कुणाचीही असो.

मला विचारायचं आहे ते असं. तुमच्यापैकी जे अशी शिबिरं घेतात किंवा लहानपणी गेलेत, त्यांनी चुलीचं काय केलं? आचारी नेता का? ज्यांच्या घरी राहता त्या घरच्या बाईच्या श्रमांचा हिशेब कसा ठेवता? मला तीन वर्षं हे दिसलं नाही याची खंत आहे आणि पुढच्या वर्षी असं होऊ द्यायचं नाही.

तरव्याची_मूठ | 27 जुलै, रात्री 11:15

फार मोलाचं लिहिलंत. मी कुडाळकडचा, घरची भातशेती. सावडीचा मुद्दा काळजाला भिडला. आमच्याकडे माझी आई अजूनही कॅलेंडरवर लिहून ठेवते, कुणाचे किती दिवस फेडायचे. ती फेड पैशानं होत नाही.

शेतातल्या कामाबद्दल मात्र बोलतो. शहरातली मुलं लावणीला आली की त्यांना थेट लावायला उभं करतात, ते चूक. आई म्हणते, "तरवो काढूचो आणि तरवो लावचो, दोन वेगळी कामां आसत." तरवा उपटताना मुळाशी धरून ओढावा लागतो, मूठ पाण्यात हलवून चिखल धुवायचा, मुळं तुटता कामा नयेत. मुलांना पहिला दिवस तेवढंच द्यावं. लावताना चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोन-तीनच रोपं आणि तीही दोन-तीन सेंटिमीटरच खोल. नवखा माणूस रोप पडेल या भीतीनं अंगठ्यानं खोल दाबतो, त्यानं फुटवा कमी होतो आणि शेतकऱ्याला कापणीला कळतं.

अंतरासाठी दोरी वापरता का? दापोली कृषी विद्यापीठाची शिफारस हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) भाताला 15 बाय 15 सेंटिमीटर आणि गरव्याला (उशिरा होणाऱ्या) 20 बाय 15. दोरीला रंगीत चिंध्या बांधल्या की मुलांना सोपं जातं.

कातळसडा | 28 जुलै, सकाळी 7:05

@तरव्याची_मूठ, दोरी यंदापासून लावली. चारसूत्री पद्धतीनं एक कोपरा करून बघितला, म्हणजे 15 आणि 25 सेंटिमीटरची जोडओळ आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एकेक ब्रिकेट (गोळी). गिरिपुष्पाचा पाला आधीच चिखलात गाडला होता. अण्णा प्रथम नको म्हणत होते, आता रोज जाऊन तो कोपरा बघून येतात.

तरवा काढण्याचं तुमचं पटलं. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी सगळे लावायला उतरले होते.

मुंबईकर_आजी | 28 जुलै, सकाळी 10:30

वाचून डोळे भरून आले. माझ्या सासूबाई अशाच लावणीच्या दिवसांत चुलीपुढे बसायच्या आणि सगळ्यात शेवटी करपलेला भात घ्यायच्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

वरकस | 28 जुलै, दुपारी 2:40

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. लावणीला शिबिर आणूच नये, असं माझं मत आहे. मी लांज्याजवळ शेती करतो. लावणी म्हणजे आमचा वर्षाचा भात. आर्द्रा नक्षत्र सुरू झालं की पाऊस आणि तरवा यांची गाठ घालायला आठ-दहा दिवस मिळतात. त्यात 22 नवखी पोरं शेतात म्हणजे त्यांना शिकवायला एक माणूस बांधावर उभा. वाकड्या लावलेल्या ओळी पुन्हा बेणणीला (तण काढायला) त्रास देतात. शिवाय पावसात झोपायची सोय नाही, कपडे वाळत नाहीत, फाटी ओली. तुमच्या काकींना हा सगळा भार झाला तो त्यामुळेच.

शिबिर घ्यायचंच तर पावसाळा सरल्यावर घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरात पऱ्याला (ओढ्याला) पाणी वाहतं असतं, तेव्हा वनराई बंधारे घाला. आमच्याकडे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलात त्याच वाडीतल्या बायका हंडे घेऊन दोन-दोन वेळा डोंगर उतरतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, वरून पडलं ते खालून निघून समुद्राला मिळतं. पऱ्याला चार ठिकाणी अडवलं की खालच्या विहिरीला महिना-दीड महिना जास्त पाणी राहतं, हे आमच्या वाडीत आम्ही स्वतः बघितलंय. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती, विटांसारखी सांधेमोड करून रचायच्या, मधल्या फटीत चिकणमाती. हे नवख्या पोरांनाही पहिल्या दिवसापासून नीट जमतं, आणि चूल मोकळ्या मळ्यात मांडता येते. कुणाच्या घराला भार नाही.

कातळसडा | 28 जुलै, रात्री 8:20

@वरकस, राग कसला, हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. ओळी वाकड्या गेल्याच, दोन कोपऱ्यांत अण्णांनी दुसऱ्या दिवशी स्वतः सरळ केल्या. बंधाऱ्याचं डिसेंबरात नक्की करू.

पण लावणी सोडावी असं मला अजून वाटत नाही. अण्णांना यंदा आम्ही नसतो तर मळा पडीक ठेवावा लागला असता, ते त्यांनी स्वतः सांगितलं. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. पॉवर टिलरनं चिखलणी होते, पण लावणीला त्या वाडीत अजून हातच लागतात. मुलांना मी न्यायचं थांबवलं तर तो मळा पुढच्या पाच वर्षांत झाडोऱ्यानं भरेल, मग बंधाऱ्याच्या पाण्याचं तिथं कुणी काय करायचं?

फिरती_सेविका | 28 जुलै, रात्री 10:10

मी आरोग्य उपकेंद्रात काम करते, रायगड जिल्ह्यात. चुलीवर बोलण्याआधी सगळ्या शिबिरवाल्यांना हात जोडून सांगते, पावसाळ्यात मुलं चिखलात उतरवणार असाल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना भेटा.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा लावणीचा आजार आहे. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून जंतू पाण्यात उतरतात आणि पायाची भेग, हाताची खरवड यातून शरीरात शिरतात. लावणीच्या दिवसांत धोका असलेल्या माणसांना डॉक्सीसायक्लिनची गोळी आठवड्यातून एकदा देतात, पण ती डॉक्टरांनी बघून दिलेलीच घ्या, गरोदर बाईनं घ्यायची नसते. शेतातून आल्यावर पाय साबणानं धुणं आणि जखमेवर पट्टी लावणं हे रोजचं. शिबिरानंतर दोन-तीन आठवड्यांत कुणालाही थंडीताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं झालं तर डॉक्टरांना "मी लावणीला गेलो होतो" हे वाक्य आठवणीनं सांगायला लावा. घरी परतल्यावर मुलं हे विसरतात आणि शहरातला डॉक्टर साधा ताप समजतो.

दुसरं, फुरसं हा विषारी साप. कोकणात ते सगळीकडे आहे, दगडांच्या गडग्यात, फाट्यांच्या राशीत, कुंपणाच्या पातेऱ्यात. फाटी आणायला हात घालण्यापूर्वी काठीनं हलवा. चावलं तर आवळून बांधू नका, चीर देऊ नका, पाय हलू न देता सरळ दवाखाना. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, म्हणून साप ओळखत बसण्यात वेळ घालवू नका. आणि विंचू लागला तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांच्या कामामुळे आज प्रॅझोसिन हे औषध सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे, तेव्हा मंत्र-उतारे करत थांबायचं कारण नाही.

पिण्याचं पाणी: पावसाळ्यात विहिरीत वरचं पाणी उतरतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं प्रमाण 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक असतात, त्यांना आधी कळवलं की ते घालून देतात. 25 माणसं एकदम जमली आणि एकाला जुलाब लागले की दोन दिवसांत सगळे पडतात, आणि मग त्यांचं करायलाही पुन्हा तुमच्या काकीच.

कातळसडा | 28 जुलै, रात्री 10:45

ताई, हे छापून घेतो आणि पुढच्या वेळी नोंदणीच्या कागदाला जोडतो. गोळ्या आम्ही घेतल्या होत्या, पण परत आल्यावर काय सांगायचं हे मुलांना सांगितलं नव्हतं. आत्ताच सगळ्यांना मेसेज टाकला.

जुना_छावणीकर | 29 जुलै, सकाळी 11:00

मी सत्तरीच्या दशकात पहिलं शिबिर केलं. राष्ट्रीय सेवा योजना 1969 च्या 24 सप्टेंबरला, गांधी शताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली होती आणि आमच्या प्राध्यापकांना सात दिवसांच्या शिबिराचा उत्साह होता. पुढे सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीतही दोनदा गेलो, मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या उन्हात.

तुमचा प्रश्न चुलीचा आहे. आमच्या वेळी त्याआधीचा प्रश्न असायचा, संडासाचा. शिबिर जिथं असेल तिथं मुलांनी पोहोचल्यावर पहिलं काम करायचं ते चर खणण्याचं. हे कोकणाला नवं नाही. कणकवलीजवळ वागद्याला गड नदीच्या काठी आप्पासाहेब पटवर्धनांनी 1948 मध्ये गोपुरी आश्रम उभा केला आणि आयुष्यभर मैला-सफाईचं काम स्वतःच्या हातांनी केलं. त्याच्या कितीतरी आधी, 1932 साली, ते रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी सफाईचं काम मागितलं. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही असं उत्तर मिळालं, म्हणून त्यांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्यासाठी डिसेंबरात गांधीजींनीही येरवड्यात उपास धरला. जे काम अमुकांचंच म्हणून ठरलेलं आहे, ते मागून घ्यायचं, हा त्यातला मुद्दा होता. तुमच्या चुलीची गोष्ट मला त्याच वाटेवरची वाटते.

व्यवहाराचं सांगतो. पावसाळ्यात कोकणात चर खणू नका, तो भरून वाहतो. जांभ्यातून पाणी लांबवर झिरपतं, म्हणून शोषखड्डाही विहिरीच्या वरच्या अंगाला नको आणि 50 फुटांच्या आत तर मुळीच नको. वाडीतल्या दोन-तीन घरांचे संडास वाटून घ्या आणि ते धुण्याची पाळी चुलीच्या पाळीइतकीच काटेकोर लावा. पुढाऱ्यानं, म्हणजे तुम्ही तिघांनी, पहिल्या दिवसाची पाळी स्वतः घ्यायची. मुलं सांगितलेलं करत नाहीत, बघितलेलं करतात.

चिखलपाय | 30 जुलै, रात्री 11:40

मी या शिबिरात होते. दादांनी धागा पाठवला म्हणून खातं उघडलं.

दादांना माहीत नसलेलं थोडं लिहिते. पहिल्या तीन दिवसांत आमच्यातल्या दोघींची मासिक पाळी आली होती. दिवसभर पोटरीएवढ्या चिखलात वाकून उभं राहायचं, वर पाऊस, बदलायला जागा म्हणजे गोठ्याच्या मागचा आडोसा. कुणाला सांगायचं हेच ठरलेलं नव्हतं. तिघंही दादा. काकींना सांगावं तर त्या आधीच इतक्या कामात.

चुलीची पाळी सुरू झाली तेव्हा दुसराच प्रश्न उभा राहिला. काकींच्या स्वयंपाकघरात देव आहेत. त्यांच्या घरात त्या चार दिवसांत बाई चुलीला शिवत नाही. माझं नाव चुलीच्या पाळीत होतं आणि मी खरं सांगून टाकलं. काकी गप्प झाल्या. मला वाटलं आता हिनं आत यायचं नाही असं म्हणतील. पाच मिनिटांनी त्या उठल्या, अण्णांना हाक मारली आणि मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत, तीन चिरे मांडायला लावले. म्हणाल्या, तुमी हितं रांधा, हितं कोनाची आडकाठी नाय. त्यांनी स्वतः चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) आणि नारळाची सुकी सोडणं पोटमाळ्यावरून काढून दिली, लावणीनंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवलेली. सोडण एकदा पेटलं की ओली फाटीही धरते, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून आमची चूल मांगरात. काकींना त्यांचा देव सोडावा लागला नाही आणि मला बाहेर बसावं लागलं नाही. हे बरोबर की चूक ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण त्या दिवशी मला अपमान वाटला नाही, एवढं खरं.

आणखी एक. मांगरातली चूल झाल्यावर काकी रात्री येऊन आमच्यात बसायला लागल्या. आधी त्या कधी बसल्याच नव्हत्या, त्या वाढत असायच्या. शेवटच्या दोन रात्री त्यांनी आणि शेजारच्या वहिनींनी लावणीची भलरी म्हणून दाखवली. आम्ही आठ दिवस त्यांच्या घरात राहिलो होतो आणि त्यांचा आवाज गाण्याचा आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी एक तरी ताई बरोबर असू द्या. आणि कपडे वाळवायला मांगरात चुलीच्या वर आडव्या काठ्या बांधा, धुराचा वास येतो पण वाळतात.

कातळसडा | 31 जुलै, सकाळी 6:30

हे मला माहीत नव्हतं. मांगरातली चूल फाटी सुकी राहावी म्हणून मांडली, असंच मी धरून चाललो होतो. तुझी आणि दुसऱ्या मुलीची मनापासून माफी मागतो. ताईंचं नक्की.

शहाळं | 31 जुलै, दुपारी 1:15

आम्ही अलिबागकडे नारळ-सुपारीच्या वाडीत असंच शिबिर करतो, पण मे महिन्यात. आळी करणं, पाट काढणं, सुक्या झावळ्या उतरवणं. आम्ही आचारी नेला आणि तो निर्णय मला आता बरोबर वाटत नाही. मुलं ताटावर बसतात, उठतात. काय शिजलं, कुणी शिजवलं, फाटी कुठून आली हे कुणाला कळत नाही. अर्ध्या दिवसाचं शिक्षण आचाऱ्याच्या पगारात गेलं असं म्हणेन.

आणि पैशाचं. घरच्या बाईच्या हातात रोखीनं द्या, घरधन्याच्या हातात नको. मजुरीच्या गावदरानं दहा दिवसांचे, आणि तोही पुरुषाचा दर. लावणीत बाईचा हात जास्त चालतो आणि दर मात्र तिला कमी मिळतो, निदान आपण तरी तसं करू नये.

तरव्याची_मूठ | 31 जुलै, दुपारी 3:00

@शहाळं, पैशाबद्दल अर्धं पटतं. धान्य, तेल, मीठ, गॅस, वीज याचे पैसे आधीच द्यायलाच हवेत. पण जिथं सावड चालते तिथं बाईला मजुरी दिली तर ती दुखावेलही. माझ्या आईनं तर घेतलेच नसते. तिला विचारून ठरवावं.

वरकस | 1 ऑगस्ट, रात्री 9:00

@चिखलपाय, तुझं वाचलं. मी लावणीला शिबिर नको म्हटलं होतं, ते शेताच्या बाजूनं अजूनही म्हणतो. पण माझ्या घरात आई आणि बायको लावणीच्या दिवसांत चार वाजता उठतात आणि मी सहाला. हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून लिहिताना एका ओळीतही आलं नाही. आज भात मी गाळला.

कातळसडा | 3 ऑगस्ट, रात्री 9:30

आज काकींशी फोनवर सविस्तर बोललो. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं, मुंबईकर आजींचंही. आजींच्या सासूबाईंचं ऐकून थोडा वेळ बोलल्या नाहीत.

पैशाचं विचारलं. धान्याचे घेतले होते, बाकीचे नको म्हणाल्या. त्यांचा हिशेब वेगळा निघाला. "लावलांत तुमी, रांधलां मी, फिटलां. पन शेजारनीकडं माजे दोन दिवस उशिरा गेले, तिचा तरवा जून झाला. कापनीला तिच्याकडं चार जनां धाडा." म्हणजे त्यांनी आम्हाला सावडीत धरलंय. तीन वर्षांत प्रथमच.

पुढच्या जुलैचंही त्यांनीच सांगून टाकलं. मांगर आधी शाकारून घ्यायचा, चूल तिथंच, फाटी मे महिन्यात येऊन आपणच फोडून रचून ठेवायची. सोडणं त्या जमवतील. भाकऱ्या हव्या असतील तर शिकून घ्यायच्या, नाहीतर पेज आणि भात. कुळथाची पिठी कुणालाही जमते.

तर आता कापणीचं. वहिनींचं भात हळवं आहे, दसऱ्याच्या आसपास तयार होईल. चार जण हवेत, तीन दिवस, त्यातला एक दिवस झोडणीचा. यंदाच्या 22 मधलेच असतील तर बरं, कारण वहिनी त्यांना ओळखतात. दिवा-सावंतवाडी गाडीनं राजापूर रोडला उतरायचं, तिथून पुढचं मी बघतो. विळे तिथं तीन आहेत, चौथा आणावा लागेल. जेवण चौघांनी मांगरात करायचं. चिखलपायनं नाव दिलंय, पेज गाळणाऱ्या मुलानंही. दोन जागा आहेत, इथंच लिहा.